काळ्या रानातली जीप

बालाघाटच्या पायथ्याचं हे रान. मृगाचे दोन पाऊस झालेत. मांजरा नदीकडं जाणारी ही पांदण चैत्रात दगडासारखी टणक होती, आता बघा. काळी माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या नक्षीत बसते, मडगार्डखाली थापली जाते आणि चाक जागीच धरून ठेवते. अशा वाटेवर बैलगाडी जाते, ट्रॅक्टर जातो. आणि ही जाते, जुनी महिंद्रा जीप, सीजे थ्री बी.

गिअरच्या मोठ्या दांड्याशेजारी दोन आखूड दांडे आहेत. गाडी चालवणाऱ्या मिस्त्रींच्या हाताला घाई नाही. गाडी उभी केली, क्लच दाबला, एका दांड्यानं पुढचा एक्सल, म्हणजे पुढच्या चाकांचा आस, जोडला. इतका वेळ मागचीच दोन चाकं ओढत होती, आता चारही ओढतील. मग दुसरा दांडा, लो. चाकं सुमारे अडीचपट सावकाश फिरतात आणि जोर त्याच मापानं वाढतो. आता पाय नुसता टेकवायचा. रेस दिली की चाक जागेवर फिरून खड्डा खणतं आणि गाडी एक्सलवर बसते. डांबरी लागली की मात्र पुढचा एक्सल आधी सोडवायचा, नाहीतर वळणावर सगळा ताण गिअरांवर येतो.

टायर अरुंद आहे, सहा इंची. रुंद टायर दिसायला रुबाबदार, पण चिखल कापून खालच्या मुरमाला भिडतो तो हाच.

१९४७ साली महिंद्रानं अमेरिकेची विलीज जीप भारतात आणली. १९८५ ला मारुतीची जिप्सी आली, हजार सीसीच्या आतलं पेट्रोल इंजिन, अंगानं हलकी. २०१० ला थार, २०२३ ला पाच दारांची जिम्नी. जिम्नीत एक चाक घसरलं की त्यालाच ब्रेक लागतो आणि जोर दुसऱ्या चाकाकडं वळतो. चांगली सोय आहे. पण लिंबाखाली बसून पान्यानं खोलता येईल अशी गाडी आता शोरूममध्ये मिळत नाही, म्हणून ही जुनी धुडं जगली पाहिजेत.

पावसाळ्यात दूध, शाळेची पोरं, आजारी माणूस, सगळं हिच्यावरच. पांदणीवर अजून खडी पडलेली नाही.

हा ओढा. पाणी गुडघ्याएवढं. मिस्त्री बॉनेट उघडून फॅनबेल्ट उतरवतायत, पंख्यानं इंजिनवर पाणी उडू नये म्हणून. पलीकडं गेले की परत चढवतील.