घरी नेऊन लावायचा कंदील

नमस्कार मंडळी. आज 1 ऑक्टोबर. संयुक्त राष्ट्रांनी 1990 साली ठराव करून हा दिवस ज्येष्ठांसाठी राखला, म्हणून आपण जमलो आहोत. पण मला विचाराल तर आपल्याकडे ज्येष्ठांच्या हातांचा हंगाम पंचांगाने ठरतो. अश्विन-कार्तिक म्हणजे शरद. घट बसतात, कोजागरी होते, दिवाळी येते आणि पाठोपाठ त्रिपुरी पौर्णिमा. या दोन महिन्यांत घराला हाताने केलेल्या जितक्या वस्तू लागतात तितक्या एरवी वर्षभरात लागत नाहीत. आणि त्या करण्याची सगळ्यात जास्त सवय कुणाच्या हातांना असते? सत्तरी ओलांडलेल्या.

मला हे उशिरा कळलं. विरंगुळा केंद्रात पहिल्या वर्षी मी बाजारातून तयार साहित्याची पाकिटं आणली होती. छापील फुलं, टिकल्या, पुठ्ठ्याच्या चौकटी. दोन तासांत सगळ्यांनी चौकटी सजवल्या, फोटो झाले, चहा झाला. संध्याकाळी खोली आवरायला गेले तर निम्म्याहून जास्त चौकटी टेबलावरच पडलेल्या. पुढच्या आठवड्यात एका आजींना मी विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, छान झालं होतं. पण घरी नेऊन ठेवू कुठे? त्याचं करायचं काय?" मला ते फार लागलं. आयुष्यभर जिने उपयोगाच्या वस्तू केल्या, तिच्यापुढे मी वेळ घालवायचं खेळणं ठेवलं होतं. त्या दिवसापासून मी एकच गोष्ट पाहते: ही वस्तू घरी गेल्यावर वापरात येणार आहे का? नसेल तर ती करायला बसवायचं नाही.

तुमच्यातले बरेच जण आपापल्या संघात असे वर्ग घेणार आहात, म्हणून आज आकाशकंदिलाबद्दल जरा सविस्तर बोलते.

कामट्यांचा पारंपरिक कंदील अवघड दिसतो, पण त्याचं गणित सोपं आहे. प्रत्येक कामटी एक वीत. चार कामट्यांचा एक चौकोन, असे चार चौकोन बांधायचे. चौकोन कोनावर उभा केला की शंकरपाळ्यासारखा दिसतो. चारही शंकरपाळे आडव्या टोकांनी एकमेकांना बांधून गोल पूर्ण करायचा. मग वरची चार टोकं चार कामट्यांनी जोडायची, खालची चार टोकं चार कामट्यांनी. झाला सांगाडा. मोजा: कामट्या 24, सांधे 12. बाजूने चार चौकोन, आठ त्रिकोण. वर आणि खाली मोकळं.

आता खरी काळजी इथे घ्यायची. बांबूची कूस तरुण हातात शिरली तर माणूस लगेच हात मागे घेतो. जुन्या मधुमेहात बोटं बधिर होतात, कूस शिरलेली कळतही नाही आणि जखम चिघळते. कातडी पातळ झालेली असते, अनेकांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतात, त्यामुळे छोटंसं खरचटलं तरी रक्त लवकर थांबत नाही. म्हणून प्रत्येक कामटी आदल्या दिवशी पॉलिशपेपरने घासलेलीच हवी. आमच्याकडे हे काम नातवंडं करतात.

सांधा बांधायला जोडी लावा. एकाने दोन कामट्या धरायच्या, दुसऱ्याने दोरा फुलीसारखा फिरवून गाठ मारायची. पक्षाघातानंतर एक हात साथ न देणारे काकासुद्धा धरणारे म्हणून बसतात आणि कंदिलावर त्यांचा निम्मा हक्क असतो. सकाळी उठल्याउठल्या सांधे आखडलेले असतात, तेव्हा वर्ग लवकर ठेवू नका. अकराच्या आसपास बरा. सुरुवातीला कोमट पाण्यात पाच मिनिटं हात बुडवले तर बोटं पुष्कळ मोकळी होतात.

उजेडाचं तर फारच कमी जण ध्यानात घेतात. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत, विशीतल्या माणसाच्या मानाने, साधारण एक तृतीयांश उजेड पोहोचतो. आपल्याला लख्ख वाटणारी खोली त्यांना संध्याकाळसारखी असते. म्हणून टेबलं खिडकीशी घ्या. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, त्यामुळे गडद निळा आणि हिरवा कागद शेजारी ठेवला तर फरक कळत नाही. लाल, केशरी, पिवळा, पांढरा घ्या. निळा हवाच असेल तर त्याच्याशेजारी पिवळा लावा.

कागद चिकटवायला मैद्याची खळच. झटपट धरणारा गोंद म्हाताऱ्या हातांवर अन्याय करतो. कागद एकदा वाकडा बसला की बसला. खळ सावकाश वाळते, कागद सरकवता येतो, सुरकुती काढता येते. जुने लोक खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. मोरचूद विषारी, म्हणून आम्ही ते टाळतो आणि रोज ताजी खळ शिजवतो.

या खळीवरून एक सांगते. आमच्याकडे एक आजोबा येतात. आज वार कोणता ते त्यांना सांगता येत नाही, माझं नाव दर वेळी नव्याने सांगावं लागतं. गेल्या दिवाळीत त्यांच्यापुढे खळीची वाटी ठेवली. त्यांनी बोट बुडवलं, वाटीच्या काठाला जास्तीची खळ पुसली, कामटीवर एका दमात सरळ रेघ ओढली, कागद टेकवला आणि मुठीची बाजू आतून बाहेर अशी फिरवत नेली. एकही बुडबुडा नाही. नंतर त्यांच्या मुलीकडून कळलं, बाबा चाळीस वर्षं पुस्तकबांधणीत होते. घटना-नावांची आठवण आणि हाताच्या सवयीची आठवण मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी चालते. पहिली विरत गेली तरी दुसरी पुष्कळदा जास्त काळ टिकते. त्या दिवशी बाकीचे सगळे त्यांना विचारून कागद लावत होते. मी स्वतः त्यांच्याकडून शिकले.

वातींचंही तसंच. तिथे मी शिकवायला बसतच नाही. विदर्भात, मराठवाड्यात याच दिवसांत कापूस वेचायला येतो, आणि कुणाच्या तरी अंगणात देवकापूस असतोच. सरकी काढायची, कापूस पिंजायचा, बोटाला दुधाचा किंवा राखेचा स्पर्श करायचा म्हणजे धागा निसटत नाही. फुलवात, समईची वात, देवाचं वस्त्र, आणि धीर असेल तर कार्तिकासाठी साडेसातशे वातींची त्रिपुरवात. आमच्या एका आजी दररोज पन्नास वाती वळतात आणि वहीत रेघा मारतात. पांढरा कापूस पांढऱ्या टेबलावर दिसत नाही, तेवढं गडद कापड खाली अंथरा. माझं काम तेवढंच.

गोधडी एका बैठकीत होत नाही, तिच्या नादी लागू नका. त्याऐवजी जुन्या सुती लुगड्याचं पाटावर घालायचं आसन घ्या, दीड फुटाचं. धावदोऱ्याच्या ओळी, सुई ओवणी आणि जाड सुती दोरा एवढं पुरे.

शेवटी घरी नेण्याचं. कंदील रिक्षात, बसमध्ये फाटतो. म्हणून आम्ही कागद लावून तो वाळवतो, पण झिरमिळ्या लावत नाही. त्या कापून, वेगळ्या गुंडाळून, खळीच्या छोट्या डबीसह पिशवीत देतो. घरी गेल्यावर आजी-आजोबा नातवंडांना बोलावून त्या लावतात. आत पणती ठेवायची नाही. पाच वॅटचा एलईडी दिवा पुरतो, कागदही तापत नाही.

मागच्या टेबलावर घासलेल्या कामट्या ठेवल्यात, प्रत्येकी चोवीस. खळ अजून कोमट आहे. चहा घ्या आणि जोड्या करून बसा.