ध्रुव ताराही हलतो

नमस्कार श्रोतेहो.

बदलाविषयी बोलायचं म्हणते, पण सुरुवात करते ध्रुव ताऱ्यापासून. वडिलांच्या मांडीवरून उठवलेल्या ध्रुवबाळाला अढळपद मिळालं, ही गोष्ट मला बाबांनी सांगितली. सप्तर्षींमधले टोकाचे दोन तारे जोडायचे, त्यांच्यातलं अंतर पाचपट पुढे मोजायचं, की ध्रुव सापडतो, हेही त्यांनीच शिकवलं. 

मोठेपणी वाचलं, की ते पद अढळ नाही. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो आणि त्याचा एक फेरा पुरा व्हायला सुमारे २६,००० वर्षं लागतात. साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वी उत्तरेचा मान ठुबान नावाच्या ताऱ्याकडे होता. आणखी साधारण १२,००० वर्षांनी तो अभिजितकडे जाईल. आजच्या ध्रुवाचं तेजसुद्धा दर चार दिवसांनी किंचित कमी-जास्त होतं.

वाचून मी हिरमुसले होते. आता मात्र मला दर्यावर्दी आठवतात. पंधराव्या शतकात हा तारा खऱ्या उत्तरबिंदूपासून सुमारे साडेतीन अंश दूर होता. म्हणून त्यांनी त्याला टाकून दिलं नाही. तो रात्री कोणत्या वेळी किती सरकलेला असतो हे त्यांनी ठरवून ठेवलं, तेवढी वजाबाकी-बेरीज केली आणि समुद्रात आपला अक्षांश काढला. तारा हलतो हे मान्य केलं, म्हणूनच तो त्यांच्या कामी आला.

हे सगळं आज सांगण्याचं कारण बाबाच आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला. ते रोज विचारायचे, "पूर्वीसारखं कधी होणार गं?" आणि आम्ही रोज म्हणायचो, "होईल, होईल." ते प्रेमापोटीच होतं, पण त्या एका शब्दानं, 'पूर्वीसारखं', आमचे कितीतरी महिने खाल्ले. डाव्या हाताला काय जमतंय, इकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

एक दिवस त्यांनीच डाव्या हाताने पेन्सिल मागितली. वाकडंतिकडं, पहिलीतल्या मुलासारखं त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. मला रडू आलं. त्यांचं मोत्यासारखं अक्षर मी विसरू शकत नव्हते. ते मात्र दुसऱ्या ओळीला लागलेसुद्धा होते.

कुणाचं काही हरपलं की "स्वीकारा आणि पुढे चला" असं आपण फार घाईनं सांगतो. मला ते कठोर वाटतं. ते जुनं अक्षर मला आजही हवंसं वाटतं, त्याची पत्रं मी जपून ठेवली आहेत. पण ती उघडून मी आता नव्या अक्षराशी तुलना करत बसत नाही. ती वेगळ्या खणात आहेत, आणि टेबलावर आजची वही आहे.

परवा रात्री आम्ही गच्चीवर गेलो. बाबांनी डावा हात वर केला, ध्रुव दाखवायला. बोट थरथरत होतं, कधी ताऱ्याच्या अलीकडे, कधी पलीकडे. मी त्यांचा हात धरायला पुढे झाले.

"थांब," ते म्हणाले, "सापडतोय."

मी हात मागे घेतला आणि त्यांच्या बोटाच्या दिशेनं बघत उभी राहिले.