सत्यम प्रकरण: तुटलेला विश्वास आणि नव्या संचालकांचे काम

नमस्कार, श्रोतेहो. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर या सॉफ्टवेअर सेवा देणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ रोजी पत्र लिहून, ताळेबंदातील रोख आणि बँकांमधील शिल्लक ५,०४० कोटी रुपयांनी फुगवलेली असल्याची कबुली दिली, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. मात्र भागधारकांचा विश्वास त्या दिवशी उडाला असे म्हणता येत नाही. तो तीन आठवडे आधीच, १६ डिसेंबर २००८ रोजी, उडाला होता.

त्या दिवशी संचालक मंडळाने राजू कुटुंबाशी संबंधित दोन मेटास कंपन्या सुमारे १.६ अब्ज डॉलरना विकत घेण्यास मंजुरी दिली. हिशेबातील खोट तेव्हा बाहेर कोणालाच ठाऊक नव्हती. परंतु भागधारकांच्या पैशातून प्रवर्तकाच्या, म्हणजे कंपनी उभी करणाऱ्या राजूंच्या, घरच्या कंपन्या घ्यायच्या आणि स्वतंत्र म्हणवणाऱ्या संचालकांनी त्याला मान डोलवायची, एवढे दिसणे गुंतवणूकदारांना पुरेसे झाले. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातील सत्यमचा भाव निम्म्याहून खाली कोसळला आणि काही तासांतच तो व्यवहार रद्द करावा लागला. (याच कंपनीला त्याच वर्षी उत्तम कंपनी-कारभाराचा पुरस्कार मिळाला होता, तो पुढे काढून घेण्यात आला.)

यानंतरचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. केंद्र सरकारने जुने मंडळ दूर करून किरण कर्णिक, दीपक पारेख आणि सी. अच्युतन यांना, व काही दिवसांनी आणखी तिघांना, संचालक नेमले. त्यांच्या हाती भरवसा ठेवावा असा एकही आकडा नव्हता, सुमारे ५० हजार कर्मचाऱ्यांचे पगार समोर होते आणि परदेशी ग्राहक काम दुसरीकडे नेण्याच्या विचारात होते. अशा वेळी धीर देणारी भाषणे करणे सोपे असते. या मंडळाने जुने हिशेब नव्याने तपासण्याचे काम बाहेरच्या लेखापाल संस्थांकडे सोपवले, बँकांकडून ६०० कोटींचे कर्ज मिळवून दैनंदिन देणी भागवली आणि कंपनीसाठी नवा मालक शोधण्याचे काम खुल्या बोलीने करण्याचे ठरवले.

त्या बोलीवर देखरेख ठेवण्यासाठी माजी सरन्यायाधीश एस. पी. भरुचा यांना पाचारण केले गेले. माझ्या मते मंडळाचा सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच, कारण आपल्या सचोटीवर विसंबून राहा असे न म्हणता, ती बाहेरच्या माणसाने तपासावी अशी सोय त्यांनी स्वतःच करून दिली. एप्रिलमध्ये बोली उघडल्या तेव्हा पुण्याच्या टेक महिंद्राचा भाव प्रतिशेअर ५८ रुपये, लार्सन अँड टुब्रोचा ४५.९० रुपये आणि तिसऱ्या बोलीदाराचा २० रुपये निघाला. सर्वाधिक बोली स्वीकारली गेली आणि निकालावर फारशी कुजबुज झाली नाही.

नियमानुसार टेक महिंद्राने उरलेल्या भागधारकांनाही त्याच ५८ रुपयांनी शेअर विकण्याची संधी दिली, परंतु तोवर बाजारभाव त्याच्या वर गेल्याने जवळपास कोणीच शेअर विकले नाहीत. हिशेबांची दुरुस्ती मात्र रेंगाळली. नव्याने मांडलेले आकडे सप्टेंबर २०१० मध्ये प्रसिद्ध झाले आणि न्यूयॉर्कच्या बाजारातून कंपनीला त्याच वर्षी बाहेर पडावे लागले.