चढावरच रुसणारा ट्रक

हा जो ट्रक दिसतोय ना, तो आत्ता या घडीला एकदम ठणठणीत आहे. सेल्फ मारला की चालू, गिअर पडतायत, डॅशबोर्डवर एकही लाइट नाही. गॅरेजमध्ये आणला की असाच शहाण्यासारखा वागतो, म्हणून तर गेले चार महिने याचा आजार कुणाला सापडत नाहीये.

२०१८ चं मॉडेल, बीएस फोर म्हणजे धुराच्या जुन्या नियमातलं, सेकंडहँड घेतलेला. गिअरबॉक्स एएमटी, म्हणजे आतली गिअरं नेहमीचीच, पण क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम ड्रायव्हर करत नाही, ते हवेच्या प्रेशरवर आणि कॉम्प्युटरच्या हुकमावर होतं.

पुण्याकडून माल भरून कोल्हापूरला निघाला की खंबाटकीपर्यंत काही तक्रार नाही. घाट लागला, ट्रक लोडवर आला की मधेच गिअर उतरायचा थांबतो, डिस्प्लेवर आकड्याच्या जागी नुसती रेघ, स्पीडचा काटा धपकन शून्यावर, आणि रडत रडत ट्रक चढावरच उभा. मागं रांग, हॉर्न, क्लीनर दगड घेऊन चाकाकडं पळतोय. चावी बंद करायची, दहा मिनिटं थांबायचं, परत चालू केला की काही झालंच नाही असा निघतो. परतीला बोगद्यातून रिकामा येतो तेव्हा एकदासुद्धा त्रास नाही.

दादा स्वतःच मालक आणि स्वतःच ड्रायव्हर, हप्ता चालू आहे, त्यामुळं ट्रक एक दिवस उभा राहिला तरी घरात कळतं. तीन गॅरेज झाली. काटा शून्यावर येतो म्हणून एकानं स्पीड सेन्सर बदलला, दुसऱ्यानं सुई टोचून टोचून वायरी तपासल्या, तिसरा म्हणाला गिअरबॉक्सचा कॉम्प्युटरच गेलाय, नवीन टाका. मला याचा खरंच राग येतो, कारण चांगला पार्ट काढून नवीन बसवला, पैसे गेले आणि पुढच्या खेपेला ट्रक त्याच वळणावर.

शिरवळजवळ हायवेला लागून हे पत्र्याचं शेड, इथले मेस्त्री. यांनी आधी बॉनेटला हातच लावला नाही, वही काढली. कधी होतं, पावसात की उन्हात, माल किती होता, कितव्या गिअरमध्ये, लाइट कुठली आधी पेटली. अर्धा तास नुसते प्रश्न. मग स्कॅनर लावला, म्हणजे ट्रकच्या कॉम्प्युटरांनी नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं मशीन. गिअरबॉक्सच्या कोडमध्ये व्होल्टेज कमी आणि संपर्क तुटला असं दोन्ही, पण एबीएस म्हणजे ब्रेकचा कॉम्प्युटर आणि डॅशबोर्डसुद्धा त्याच वेळेला संपर्क तुटला म्हणत होते. मेस्त्री म्हणाले, "दादा, तीन पोरं एकदम रडायला लागली तर तिघांचं पोट दुखत नसतं, खोलीत काहीतरी झालेलं असतं." कोड हा पार्टचं नाव सांगत नाही, तक्रार कुणाची आहे तेवढंच सांगतो.

सुरुवात बॅटरीपासून. ट्रक २४ व्होल्टचा, १२ च्या दोन बॅटऱ्या एकामागं एक जोडलेल्या. एक १२.७ दाखवत होती, दुसरी १२.१. आधीच्या मालकानं म्युझिक सिस्टीमसाठी एकाच बॅटरीवरनं वायर ओढलेली, त्यामुळं ती बॅटरी कायम उपाशी आणि डायनामो दुसरीला जास्त चार्ज देणार. हे आपल्याकडं इतक्या ट्रकांत असतं! २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावायचा सोडून लोक एवढ्याशा वायरीवर भागवतात.

मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी गिअरबॉक्सच्या बॉडीला, आणि सेल्फ मारला. अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे, आलं १.६. विकायच्या आधी चासीला नवा रंग मारलेला आणि अर्थची पट्टी, म्हणजे करंट बॅटरीकडं परत नेणारी, त्या रंगावरच बोल्ट करून टाकलेली. घासून लोखंड उघडं केलं, पट्टी आवळली, मीटर ०.२ वर. सगळ्यांना वाटलं झालं काम.

चौथ्या दिवशी दादांचा घाटातनं फोन, परत तेच.

मेस्त्री चिडले नाहीत, वहीत लिहिलं: कोड आता एकच, संपर्क तुटला. म्हणजे व्होल्टेजची भानगड मिटली होती, तिच्या मागं दुसरी लपलेली होती. हे सगळे कॉम्प्युटर एकमेकांशी पीळ दिलेल्या दोन वायरींवरनं बोलतात, तिला कॅन लाइन म्हणतात, तिच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर, म्हणजे करंटला अडवणारा छोटा पार्ट, असतो. त्यामुळं मेन स्विच बंद करून स्कॅनर लावायच्या डायग्नोस्टिक सॉकेटवर मोजलं की दोन्ही मिळून ६० यायला पाहिजे. आले, बरोबर ६०. उभ्या ट्रकमध्ये येणारच.

पण लोडवर चढताना इंजिन आपल्या माउंटिंगवर एका बाजूला कलतं आणि हार्नेसला, म्हणजे वायरींच्या जुडग्याला, ओढ बसते, म्हणून शेडमधल्या पोरानं पहारीनं इंजिन जरासं रेटून धरलं आणि मेस्त्री मीटरकडं बघत बसले. ६०, ६०, ६०... १२०. पहार सोडली, ६०. परत रेटली, १२०. म्हणजे इंजिन कललं की लाइन मधेच तुटते आणि एकच रेझिस्टर मोजला जातो. शेडमध्ये सगळे एकदम ओरडले, मीसुद्धा.

गिअरबॉक्सच्या वरच्या ब्रॅकेटपाशी हार्नेसची टेप सोलली तर आत एका वायरीला सुईचं भोक, तिथनं पाणी जाऊन तांबं हिरवं पडलेलं, चारदोन तारा उरलेल्या. इंजिन कललं की त्या सुटायच्या, सरळ झालं की टेकायच्या. वीतभर वायर बदलली, पीळ तसाच ठेवला, जोडावर गोंदवाली स्लीव्ह गरम करून बसवली, हार्नेसला थोडी ढील देऊन ब्रॅकेटपासून लांब बांधला. काढून टाकायला निघालेला कॉम्प्युटर जागेवरच आहे.

सेकंडहँड ट्रक बघायला जाल तर माल भरून चढावर चालवून बघा, रिकाम्या मैदानात चार चकरा मारून हे कळणार नाही. आणि कोड आदल्या दिवशी पुसलेले असू शकतात.

आता बाहेर पाऊस चालू आहे, ट्रक भरलेला, स्कॅनर लावून मेस्त्री स्वतः शेजारी बसलेत. तेच वळण. पाचवा, चौथा, तिसरा. दादांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलंय. तिसऱ्यावरच वर आला ट्रक, रेघ आली नाही. मेस्त्रींनी वही उघडली आणि तारीख टाकली.