रात्री दोनची हवा

(वाशीतल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

दारात उभे आहेत त्यांनी आत या, पुढच्या दोन रांगा रिकाम्या आहेत.

कोपरखैरणे, तुर्भे, पावणे या कारखान्यांलगतच्या पट्ट्यातल्या लोकांची तक्रार मी वर्षानुवर्षं ऐकतोय. रात्री दोनच्या सुमारास डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, आणि सकाळी सगळं साफ. अहवाल मात्र म्हणतो, हवा मर्यादेत. मग रहिवाशांना वाटतं, कुणीतरी आकडे दाबतंय. दर वेळी तसं नसतं. साधं गणित बघा. सूक्ष्म धुळीची, म्हणजे पीएम 2.5 ची, आपल्याकडची 24 तासांची मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम. समजा रात्रीचे तीन तास 200 आणि उरलेले एकवीस तास 35. सरासरी येते 56 च्या आत. कागद खोटं बोलत नाही, पण तुमची रात्र त्यात बुडाली.

जुनी पद्धतही अशी सरासरीच द्यायची. गाळणकागदाचं वजन करायचं, पंपाने त्यातून हवा ओढायची, पुन्हा वजन. देशभरातल्या हाताने चालवायच्या केंद्रांवर हे आठवड्यातून दोनदा, वर्षाला 104 दिवस. उरलेल्या 261 दिवसांचं काय, हे विचारायचं नाही.

मी प्रयोगशाळेत नवीन असताना एकदा जुलैत घाई केली. वजनाआधी कागद शुष्कपात्रात, म्हणजे ओल शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात, दिवसभर ठेवायचा असतो. मी दुपारीच काढला. धूळ भलतीच जास्त आली. भर पावसात! आमच्या सरांनी कागद उजेडात धरला आणि म्हणाले, "धूळ नाही रे, तू पावसाळा मोजलास."

हे सांगायचं कारण असं, की आता सोसायट्यांमध्ये लागणारे हाताएवढे लेझर सेन्सर नेमकी तीच चूक करतात. त्यांच्यात वजन नसतंच. कणावर प्रकाश पडतो, तो विखुरतो, त्यावरून अंदाज. हवा दमट झाली की कण पाणी पिऊन फुगतात आणि यंत्र ते पाणीही धूळ म्हणून मोजतं. ऐंशी टक्क्यांच्या वर दमटपणा गेला, की मी तो आकडा दुरुस्तीशिवाय वाचत नाही. मोठ्या केंद्रांवर बीटा किरणांचं यंत्र असतं. कागदी फितीवर धूळ बसते, किरण किती अडले त्यावरून वस्तुमान काढतात. आत येणारी हवा गरम करून ओल कमी करतात, आणि आकडा दर तासाला मिळतो. ते महाग आहे, चौकाचौकात बसणार नाही. म्हणून स्वस्त सेन्सर जरूर घ्या, पण आधी तो अशा केंद्राच्या शेजारी ठेवा. एक अख्खा पावसाळा, एक हिवाळा. दोघांतला फरक कळला की दुरुस्ती करता येते. खरेदीच्या अंदाजपत्रकात या वर्षभराचे आणि सेन्सरच्या सफाईला येणाऱ्या माणसाचे पैसे सहसा नसतातच, ही माझी खरी तक्रार आहे.

जागाही बघा. इथल्याच एका सोसायटीने सेन्सर फाटकाशी लावला. रोज संध्याकाळी सातला आकडा उसळायचा. आठवडाभर कारखान्यांना शिव्या देऊन झाल्या. शेवटी वॉचमनकाकाच म्हणाले, "साहेब, तेव्हा मी उदबत्ती लावतो."

सेन्सर गच्चीवर नेला. सातचा डोंगर गेला, रात्री दोनचा राहिला. दमटपणा असेल, मी म्हटलं. सोसायटीवाल्यांनी त्याचेही आकडे शेजारी मांडले. दमटपणा सर्वांत जास्त पहाटे पाच-सहाला आणि धूळ दोनला. आता हिवाळ्यात रात्री वारा पडतो, थंड हवा खाली बसते, पूर्वेला पारसिकचा डोंगर आहे, म्हणजे धूळ इथेच कोंडू शकते. तेव्हा सगळं पाप एखाद्या चिमणीचंच, असं मी अजून म्हणणार नाही. वाऱ्याची दिशा जोडून बघायची आहे.

ती मंडळी आलेख घेऊन आली आहेत, दुसऱ्या रांगेत बसली आहेत. या, इथे प्रोजेक्टरला लावा.