शटल टॅटिंग: हात कसा धरायचा? सगळ्या पद्धती एकाच ठिकाणी

नमस्कार मंडळी! आज नवीन डिझाइन नाही, पॅटर्न नाही, आज फक्त हात. नवीन असाल तर एवढंच, टॅटिंग म्हणजे दोऱ्याच्या गाठींची लेस, आणि शटल म्हणजे ज्यावर दोरा भरतात ते हातात मावणारं होडीसारखं छोटं साधन. कारण मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच असतो, की ताई तुम्ही शटल असं धरता, दुसऱ्या व्हिडिओत वेगळंच दाखवलंय, तिसरीकडे तर शटल हातातून सोडून परत पकडतायत, मग बरोबर कुठलं? आणि "सगळंच बरोबर" असं म्हटलं की समोरचा माणूस असा बघतो जणू मी काहीतरी लपवतेय. म्हणून आज शटल घेऊनच बसलेय, एकेक करून दाखवते आणि मला कुठली का आवडते किंवा आवडत नाही तेही सांगते.

कॅमेरा खाली घेते, हातांवर. हां, दिसतंय ना? शटलवर लाल दोरा भरलाय आणि डाव्या हातावर घेणार तो पांढरा. दोन रंग मुद्दाम घेतलेत. दोरा 10 नंबरचा आहे, टॅटिंगमध्ये नंबर वाढला की दोरा बारीक होतो, 20, 40, 80 असं, आणि 80 म्हणजे जवळपास शिवणाच्या दोऱ्याइतका बारीक, शिकताना त्याच्या वाटेला जाऊच नका, गाठ चुकली तर दिसणारही नाही.

पद्धतींच्या आधी एक गोष्ट दाखवायलाच लागेल, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल. टॅटिंगमध्ये गाठ एकच. डबल स्टिच. तिचे दोन अर्धे भाग, पहिला आणि दुसरा, एकमेकांचे आरशातले. रिंग म्हणा, म्हणजे दोरा ओढून गोल मिटवलेली गाठींची ओळ, चेन म्हणा, म्हणजे न मिटवलेली ओळ, सगळं त्याच एका गाठीचं. पिको म्हणजे तरी काय, दोन गाठींमध्ये मोकळा सोडलेला दोरा, गाठी जवळ सरकवल्या की त्याचा फुगा होतो. 1 सेंटीमीटर सोडलात तर पिको साधारण अर्धा सेंटीमीटर उंच होणार, कारण दोरा मधोमध दुमडतो.

आता बघा, दोन्ही टोकं चिमटीत धरली, पांढरा दोरा बोटांच्या मागून नेला आणि करंगळीला दोन वेढे दिले. लाल दोरा उजव्या हाताच्या बोटांवरून टाकते, शटल पांढऱ्याच्या खालून नेते आणि वरून परत आणते. थांबा, इथे थांबा. आत्ता कुठला दोरा कशाला गुंडाळलाय? लाल पांढऱ्याला. पांढरा सरळ ताठ उभा आहे आणि लालचा वेढा पडलाय. ही गाठ अशीच घट्ट केली की संपलं, अडकली. आता मी डाव्या हाताची बोटं ढिली सोडते आणि लाल दोरा सरळ ताणते. बघा... बघा... उडी मारली! आता लाल सरळ आहे आणि पांढरा त्याच्यावर वेढा घालून बसलाय. हीच ती पलटी. यानंतर मधलं बोट हळूच वर केलं की गाठ सरकत चिमटीपाशी येऊन बसते. दुसरा अर्धा भाग उलटा, शटल पांढऱ्याच्या वरून जातं आणि खालून येतं, लालचा जो झोळ लोंबतोय त्याच्यातून, आणि परत तीच पलटी.

पलटी झाली की नाही ते दोन रंगांमुळे लगेच कळतं. गाठीचा उंचवटा पांढरा दिसला तर पास, लाल दिसला तर नापास. आणि लाल दोरा ओढून बघा, गाठींच्या पोटातून सरसर सरकला पाहिजे. एकच गाठ जरी पलटी न होता घट्ट बसली, तरी रिंग तिथेच अडते, कितीही ओढा, मिटणार नाही.

आता पद्धती. सगळे लोक उजव्या हातापासून सुरू करतात कारण शटल तिथे असतं, चकचकीत असतं, लक्ष तिकडेच जातं. मी डाव्यापासून सुरू करते, कारण माझं स्पष्ट मत आहे की टॅटिंग डावा हात करतो, उजवा नुसता ये-जा करतो.

मी स्वतः शिकले तेव्हा दोन आठवडे माझी एकही रिंग मिटली नाही. एकही नाही! मी काय केलं असेल? शटल बदललं, दोरा बदलला, शटल धरायच्या तीन पद्धती करून बघितल्या, दर वेळी वाटायचं की हीच ती खरी, आणि दर वेळी चौथ्या-पाचव्या गाठीला लॉक. शेवटी ओळखीच्या एका मावशींनी समोर बसून बघितलं आणि काही न बोलता माझं डावं मधलं बोट धरून खाली दाबलं. झालं, गाठ उडाली. मी ते बोट कायम ताठ ठेवत होते, त्यामुळे पांढरा दोरा कधी ढिला पडतच नव्हता, मग तो उडी मारणार कसा. उजव्या हाताचा काही संबंधच नव्हता हो.

तर डाव्या हाताच्या मुख्य दोन पद्धती. पहिली, जी आत्ता दाखवली, अंगठा आणि तर्जनीची चिमूट, मधलं बोट वर, आणि शटल फिरतं ते तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधल्या जागेत. दुसरीत चिमूट अंगठा आणि मधल्या बोटाची, आणि ताण द्यायला तर्जनी वर. ज्यांनी क्रोशे केलंय त्यांना ही दुसरी पटकन जमते, कारण दोरा तर्जनीवर खेळवायची सवय असतेच. मला स्वतःला पहिली बरी वाटते, दुसरीत माझी चिमूट सैल पडते आणि गाठी तिरक्या होतात, पण हा माझ्या बोटांचा प्रॉब्लेम आहे, पद्धतीचा नाही.

आणि रिंग करताना शटलच्याच दोऱ्याचा जो वेढा डाव्या हातावर घेतो, तो किती बोटांचा घ्यायचा? कुणी चारही बोटं पसरून मोठा घेतात, कुणी दोनच बोटांवर छोटा. मोठ्या वेढ्यात दोरा भरपूर, परत परत ओढून घ्यावा लागत नाही, पण हात सतत पसरलेला राहतो आणि तासाभराने तळव्याचे स्नायू बोंबलतात. छोट्या वेढ्यात हात आरामात, पण प्रत्येक गाठ त्या वेढ्यातलाच दोरा खाते, वेढा आवळत जातो, मग दर काही गाठींनी रिंगच्या खालच्या बाजूचा दोरा ओढायचा की शटलकडचा दोरा गाठींतून सरकून आत येतो. हे होतं कधी? गाठी नीट पलटलेल्या असतील तेव्हाच. म्हणजे छोटा वेढा घेणाऱ्याची चूक लवकर पकडली जाते, मोठा घेणाऱ्याला थेट रिंग मिटवताना शॉक बसतो. म्हणून शिकणाऱ्याला मी छोटाच वेढा सांगते, आराम वगैरे नंतरचं.

आता या उजव्या हाताकडे. इथेही दोन मुख्य प्रकार. एक, शटल हातातून सोडायचंच नाही. तर्जनी वर, अंगठा खाली, मध्ये शटल आडवं. खालून जाताना पांढरा दोरा तर्जनी आणि शटलच्या मधून घसरतो, वरून परत येताना शटल आणि अंगठ्याच्या मधून. बोट उचलायचं नाही, फक्त पकड किंचित हलकी करायची, दोरा आपली वाट आपण काढतो. दुसऱ्या अर्ध्या भागात क्रम उलटा, आधी अंगठ्याकडून, मग तर्जनीकडून. दुसरा प्रकार, शटल पलीकडे जाऊ द्यायचं, सोडायचं, पलीकडून पकडून ओढायचं, जसं सुई कापडातून काढतो तसं. हे हळू आहे, फार हळू, एका गाठीला चार हालचाली. पण मी याला नावं ठेवणार नाही, कारण शटल जाड असेल, विशेषतः ते बॉबिनवालं, म्हणजे आत दोऱ्याचं छोटं रीळ असलेलं, ज्याच्या टोकाला हुक असतो, तर दोरा घसरवायला त्रास होतो, हुकमध्ये अडकतो. आणि पहिल्या दिवशी दोरा कुठून कुठे जातोय हे डोळ्यांनी बघायचं असेल तर सोडून-पकडून केलेलं जास्त कळतं. पण आठवड्याभरात त्यातून बाहेर या, नाहीतर सवय बसते आणि मग सुटत नाही.

लाल दोरा उजव्या बोटांवरून टाकायचा की नाही, यावर लोक भांडतात. अहो, तो टाकायचा एवढ्यासाठीच की पहिल्या अर्ध्या भागात शटल फिरताना त्याचा फास तयार व्हावा. कुणी पूर्ण पंजावर घेतात, कुणी नुसत्या करंगळीने उचलून धरतात. करंगळीवाली पद्धत छान आहे, हालचाल छोटी होते. फक्त शटल आणि कामाच्या मध्ये लांबच लांब दोरा सोडू नका, साधारण वीतभर पुरे, नाहीतर प्रत्येक गाठीला झेंडा फडकवल्यासारखा हात जातो आणि खांदा दुखतो.

पलटी मारायच्याही दोन तऱ्हा आहेत आणि खरा फरक इथे पडतो, लेसमध्ये दिसणारा फरक. काही जण उजव्या हाताने झटका देतात, टक्क, आणि गाठ उडते. काही जण उजवा हात नुसता ताठ धरून ठेवतात आणि डावं बोट खाली-वर करतात. झटक्यात स्पीड आहे, बघायलाही भारी वाटतं, पण झटका दर वेळी सारखा बसत नाही, मग एक गाठ घट्ट, एक सैल, आणि बारीक दोरा असेल तर तुटतोही. हा माझ्या सुरुवातीच्या दिवसांचा तुकडा बघा, झटकेवाला. आणि हा बोटाने केलेला. पॅटर्न तोच, दोरा तोच, पण इथे गाठी कोरून काढल्यासारख्या एकसारख्या आहेत ना? म्हणून मी बोटवाल्यांच्या पार्टीत.

सुईवाल्या टॅटिंगबद्दलही थोडं बोलते, कारण तिथे पलटीच नाही. गाठी सरळ एका लांब, सगळीकडे सारख्या जाडीच्या सुईवर चढवायच्या, मग सुई ओढून दोरा आतून काढायचा. ज्यांना पलटी जमतच नाही त्यांच्यासाठी वरदान. पण गाठ सुईच्या जाडीवर बनते आणि नंतर आत दोरा येतो, त्यामुळे लेस जराशी मऊ, सैल पडते. शटलची लेस कडक, ठसठशीत. रुमालाची किनार करायची असेल तर मला शटलचीच हवी, कानातले करायचे असतील तर तर मग हवीच हवी.

आता गंमत. इतका वेळ मी पलटी-पलटी करतेय, पण एक ठिकाण असं आहे जिथे पलटी मुद्दाम करायची नसते. स्प्लिट रिंग. रिंगची अर्धी बाजू पहिल्या शटलने नेहमीसारखी, आणि उरलेली अर्धी दुसऱ्या शटलने दुसऱ्या बाजूने, म्हणजे धागा न तोडता एका रिंगवरून थेट पुढच्या रिंगवर जाता येतं. त्या दुसऱ्या अर्ध्यात हातावरचा दोरा आतला धागा म्हणून राहायला हवा, म्हणून शटलचाच दोरा त्याला गुंडाळायचा आणि तसाच ठेवायचा. क्रमही उलटा, आधी दुसरा अर्धा भाग, मग पहिला. इथे डावा हात ताठच ठेवायचा, अजिबात ढिला सोडायचा नाही. माझी पहिली स्प्लिट रिंग एका बैठकीत जमली, का सांगू? दोन आठवडे चुकून तेच तर करत होते!

डावखुऱ्यांसाठी, सगळं आरशात बघा, शटल डाव्या हातात, वेढा उजव्या. पण खूप डावखुरे सरळ माझ्यासारखंच करतात आणि त्यांना काही अडत नाही, उलट त्यांचा डावा हात हुशार असल्यामुळे ताण छान ठेवतात. दोन्ही करून बघा, दहा-दहा गाठी.

आणि हो, दोरा वळून कुरळा व्हायला लागला तर हाताच्या पद्धतीला दोष देऊ नका, शटल मोकळं खाली लोंबकळत सोडा, ते स्वतःच गरगर फिरून पीळ सोडवतं. अडकलेली गाठ मात्र ओढून कधीच सुटत नाही, तिच्यात टाचणीचं टोक घालून आधी दुसरा अर्धा भाग सैल करायचा, मग पहिला. थांबा, माझीच इथे एक अडकलीय बोलता बोलता, ही सोडवूनच दाखवते. टाचणी इथून... दुसऱ्या अर्ध्याच्या पोटातून... हां, आली.