घरचा आहेर

श्रोतेहो, नमस्कार.

१३ नोव्हेंबर १९९०, मंगळवारची दुपार. लंडनमध्ये हाऊस ऑफ कॉमन्स, म्हणजे तिथली लोकसभा, खच्चून भरली आहे. सत्ताधाऱ्यांच्या मागच्या बाकांवरून चष्मा लावलेले एक गृहस्थ उभे राहतात. आवाज इतका मऊ, की ऐकणाऱ्यानं कान देऊन बसावं. सर जेफ्री हाऊ त्यांचं नाव. मार्गारेट थॅचर १९७९ साली पंतप्रधान झाल्या, तेव्हाच्या मंत्रिमंडळातला बाईंखेरीज टिकून राहिलेला हा एकच माणूस. अर्थमंत्री झाले, परराष्ट्रमंत्री झाले, उपपंतप्रधान झाले. युरोपच्या प्रश्नावर बाईंशी पटेना, म्हणून बारा दिवसांपूर्वी राजीनामा देऊन बाहेर पडले.

वक्ता म्हणून त्यांचा कुणाला धाक नव्हता. मजूर पक्षाचे डेनिस हीली १९७८ साली भर सभागृहात म्हणाले होते, की हाऊंचा हल्ला म्हणजे मेलेल्या मेंढीनं अंगावर धावून यावं तसा. ते वाक्य हाऊंना जन्मभर चिकटलं.

आदल्याच रात्री लंडनच्या लॉर्ड मेयरच्या मेजवानीत थॅचरबाईंनी क्रिकेटची भाषा वापरली होती. गोलंदाजी हल्ली कडवी पडतेय, पण मी अजून क्रीजवर आहे, चेंडू मैदानभर पिटाळीन, अशा अर्थाची. हाऊंनी तोच धागा उचलला. पंतप्रधान आपल्या मंत्र्यांना युरोपात वाटाघाटींना पाठवतात ते कसं? सलामीचे फलंदाज मैदानात उतरावेत, पहिले चेंडू पडावेत आणि तेव्हा त्यांना कळावं, की सामन्याआधी आपल्याच कप्तानानं आपल्या बॅटी मोडून ठेवल्यात.

त्या भाषणाचं रेकॉर्डिंग मी किती वेळा ऐकलंय याची मोजदाद नाही. बॅटींचं वाक्य येतं, हशा उसळतो, आणि हाऊंचा आवाज मात्र एक पट्टीसुद्धा चढत नाही. शेवटी ते म्हणतात, की निष्ठांच्या ज्या ओढाताणीशी मी कदाचित फारच काळ झुंजत राहिलो, तिला आपलं उत्तर काय, हे आता इतरांनी ठरवायची वेळ आली आहे. आणि खाली बसतात. दुसऱ्या दिवशी मायकेल हेसेल्टाइन यांनी नेतेपदासाठी आव्हान दिलं. २२ नोव्हेंबरला, म्हणजे नवव्या दिवशी, साडेअकरा वर्षं पंतप्रधान असलेल्या बाईंनी पायउतार होत असल्याचं जाहीर केलं.

आपली वर्तमानपत्रं अशा भाषणाला 'घरचा आहेर' म्हणतात. ब्रिटिश खासदारांच्या आठवणी, डायऱ्या, मुलाखती वाचताना मला जाणवत गेलं, की आपल्या काळातलं मोठं भाषण कोणतं असं विचारलं, की ते पुष्कळदा हा असला आहेरच काढून दाखवतात. समोरच्या पक्षाची रेवडी उडवणारी भाषणं त्या दिवशी गाजतात आणि विरून जातात. आपल्याच माणसांना उद्देशून जो बोलतो त्याला किंमत मोजावी लागते, आणि ऐकणाऱ्यालाही ती दिसत असते.

यात त्या दालनाचाही हात आहे. आपल्या लोकसभेत बाकं अर्धवर्तुळात आहेत. तिथे ती समोरासमोर, दोन फळ्या आमनेसामने ठाकाव्यात तशी. विरोधक तोंडावर बोलतो. स्वपक्षीय बोलतो तो पाठीमागून. हाऊंचा चेहरा पाहायचा तर थॅचरबाईंना मान वळवावी लागली असती. त्या समोर बघत बसून राहिल्या.

हे दालन १९४१ च्या मे महिन्यात जर्मन बॉम्बनी जमीनदोस्त झालं होतं. नवं कसं बांधायचं यावर ऑक्टोबर १९४३ मध्ये, ऐन युद्धात, चर्चा झाली. चर्चिल यांनी हट्ट धरला, की होतं तसंच बांधा, चिंचोळं आणि अपुरं. ते म्हणाले, अर्धवर्तुळात माणूस डावीकडून उजवीकडे कुणाच्या नकळत सरकत जाऊ शकतो, पण इथे पक्ष बदलायचा तर सगळ्यांच्या देखत मधली मोकळी जागा ओलांडावी लागते. ते किती अवघड असतं मला ठाऊक आहे, कारण मी ते एकदा नाही, दोनदा केलंय. जागा अपुरी हवी, म्हणजे महत्त्वाच्या दिवशी गर्दी होते आणि गर्दीत शब्दाला धार येते, हेही त्यांचंच म्हणणं. १९५० साली नवं दालन उघडलं. आज सभासद ६५०, बसायला जागा सव्वाचारशेच्या आसपास. टोनी ब्लेअर २००७ साली पंतप्रधान म्हणून शेवटचं बोलले तेव्हा म्हणाले, की या सभागृहाची भीती पहिल्या दिवसापासून आजपर्यंत मला वाटत आली, आणि याहून मोठा मान मी त्याला देऊ शकत नाही.

बॉम्ब पडायच्या एक वर्ष आधी, ७ मे १९४० ला, त्याच जागी लिओ एमरी बोलले. एमरींचा जन्म आपल्या गोरखपूरचा, १८७३ चा. नॉर्वेच्या मोहिमेत ब्रिटनचा बोजवारा उडाला होता आणि पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन तो झाकू पाहत होते. एमरी त्यांच्याच पक्षाचे, त्यांच्याच बर्मिंगहॅम शहराचे. चेंबरलेनांचे वडील जोसेफ यांना तर ते राजकारणातले गुरू मानत. त्यांना बोलायची पाळी आली ती संध्याकाळी जेवणाच्या वेळेला. बाकं ओस पडलेली. बोलावं की राहू द्यावं अशा विचारात एमरी असताना क्लेमंट डेव्हिस नावाचे त्यांच्या पक्षाबाहेरचे सभासद मागून आले, काहीही झालं तरी सगळं बोलून टाका असं कानात कुजबुजले, आणि माणसं गोळा करायला बाहेर धावले. माणसं येत गेली तसा एमरींचा सूर चढत गेला.

इंग्लंडचा सेनानी क्रॉमवेल यानं १६५३ साली संसदेला उद्देशून काढलेले उद्गार त्यांनी शोधून ठेवले होते. वापरायचे की नाही ते नक्की नव्हतं. शब्द फार जहाल होते, सभागृह उलटलं असतं तर आपलेच दात आपल्या घशात गेले असते. एमरींनीच पुढे लिहून ठेवलंय, की सभागृहाचा कल बघून मग ठरवायचं होतं. सभागृह आपल्यासोबत आहे असं त्यांना वाटलं, आणि ते बोलून गेले: तुम्ही केलेल्या भल्याच्या मानाने इथे फार काळ बसलात. निघा आता, आमची तुमच्यापासून सुटका होऊ द्या. देवाच्या नावानं सांगतो, चालते व्हा!

दुसऱ्या रात्री मतदान झालं, २८१ विरुद्ध २००. सरकार जिंकलं, पण दोनशेच्या वर असलेलं मताधिक्य ८१ वर आलं. १० मे रोजी चर्चिल पंतप्रधान झाले आणि काही दिवसांत एमरी भारतमंत्री.

यापुढचं सांगताना मला जड जातं. ऑगस्ट १९४२ मध्ये गवालिया टँकवर 'छोडो भारत'ची हाक दिली गेली आणि पहाट व्हायच्या आत नेत्यांना अटक झाली, तेव्हा भारतमंत्री एमरीच होते, आणि त्या दडपशाहीचं समर्थन त्यांनी त्याच सभागृहात केलं. खासगी डायरीत ते लिहीत होते, की भारताचा विषय निघाला की चर्चिलचं डोकं ठिकाणावर नसतं. जी हिंमत त्यांनी चेंबरलेनांपुढे दाखवली ती या वेळी त्या सभागृहात दिसली नाही. बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली. त्यांच्यासाठी एमरींनी धान्याची जहाजं मागितली, पण 'चालते व्हा' असं ते कुणाला म्हणाले नाहीत.

असाच पेच इनॉक पॉवेल यांच्याबाबत पडतो. १९६८ साली परदेशातून येऊन राहिलेल्यांविरुद्ध त्यांनी बर्मिंगहॅममध्ये केलेलं भाषण विखारी होतं, तिथल्या आपल्या माणसांनी त्याचे चटके सोसलेत. पण नऊ वर्षं आधी, १९५९ च्या जुलैमध्ये, मध्यरात्र उलटून गेल्यावर याच माणसानं कॉमन्समध्ये केनियाच्या होला छावणीबद्दल तोंड उघडलं होतं. ब्रिटिशांच्या त्या छावणीत ११ कैद्यांना मारहाण करून ठार केलं गेलं होतं, आणि अधिकाऱ्यांनी आधी सांगितलं की पाणी पिऊन मेले. पॉवेल यांच्याच पक्षाच्या एका सभासदानं त्या कैद्यांना माणसाहून खालचे म्हटलं होतं. पॉवेलांनी ते तिथेच उखडून टाकलं. मेलेला माणूस कसा होता यावरून त्याच्या मरणाचा जाब बदलत नाही, असं ते म्हणाले. आफ्रिकेत आफ्रिकेचं माप, आशियात आशियाचं आणि घरी ब्रिटनचं, असं आपल्याला करता येणार नाही. सरकार त्यांच्याच पक्षाचं होतं. समोरच्या बाकांवरच्या डेनिस हीलींनी, हो, त्या मेंढीवाल्या हीलींनीच, कित्येक वर्षांनी सांगितलं, की आयुष्यात ऐकलेलं सर्वांत थोर संसदीय भाषण हेच.

तिथेही पक्षाचा व्हीप, म्हणजे अमुक बाजूनं मत द्या असा आदेश, असतोच. सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रेक्झिटच्या मतदानात विरोधात गेलेल्या २१ हुजूरपक्षीय खासदारांना पक्षानं एका रात्रीत बाहेर काढलं. त्यांत चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्स होते. पण खासदारकी कुणाची गेली नाही. आपल्याकडे १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर व्हीपविरुद्ध मत दिलं तर जागाच जाऊ शकते. आयाराम-गयारामांना आळा हवाच होता, पण त्यासोबत आपण मागच्या बाकावरच्या माणसाचं तोंडही बांधलं, असं मला मनापासून वाटतं.

आता आपल्या मुंबईचा माणूस. एल्फिन्स्टनचे प्राध्यापक दादाभाई नवरोजी १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून निवडून आले, अवघ्या पाच मतांनी. चार वर्षांपूर्वी पंतप्रधान सॉल्सबरी यांनी कुठला मतदारसंघ काळ्या माणसाला निवडून देईल का, अशी शंका बोलून दाखवली होती. दादाभाई उदारमतवादी पक्षाचे, आणि सरकारही त्याच पक्षाचं, ग्लॅडस्टन यांचं. २ जून १८९३ रोजी हर्बर्ट पॉल या सभासदानं ठराव मांडला, की आयसीएसची, म्हणजे इंग्रज अमलातल्या वरिष्ठ सनदी नोकरीची, परीक्षा लंडनसोबत हिंदुस्थानातही त्याच वेळी घ्यावी. दादाभाईंनी त्याला अनुमोदन दिलं. समुद्र ओलांडून, कर्ज काढून, तरुण पोरानं परक्या शहरात परीक्षेला बसायचं म्हणजे काय, हे त्या सभागृहात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? सरकारनं विरोध केला. स्वपक्षाच्या सरकारविरुद्ध दादाभाई उभे राहिले. मतं मोजली गेली, ८४ विरुद्ध ७६. ठराव मंजूर झाला.

सरकारनं तो अमलात आणला नाही. आयसीएसची परीक्षा हिंदुस्थानात पहिल्यांदा झाली ती अलाहाबादला, १९२२ साली. दादाभाईंना जाऊन तेव्हा जवळपास पाच वर्षं झाली होती.